नकाशातून पुसलेली पाळ

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, शीलाताई गजभियेंना कामावरून काढलं. भंडाऱ्यात एका सर्वेक्षण कंत्राटदाराकडे त्या संगणकावर जमिनीचे नकाशे करायच्या. गुन्हा एकच. आमच्या गावच्या बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, मातीची पाळ त्यांनी नकाशातून पुसू दिली नाही.

त्यांचं काम समजून घ्या. ड्रोनच्या फोटोंवरून संगणक जमिनीचं त्रिकोणांचं जाळं विणतो. काही त्रिकोण सुईसारखे लांबुडके निघतात, पाणी कुठं जाईल ते चुकीचं सांगतात. ते नीट करावेच लागतात. पण यंत्राला सगळंच गुळगुळीत करायची खोड. त्या नादात पाळीचा माथाही खरवडला जातो. म्हणून शीलाताई आधी पाळ, धुरे म्हणजे शेताचे बांध, कालव्याचे काठ लाल रेघेनं बांधून टाकायच्या. रेघेवरचा त्रिकोणाचा बिंदू रेघेवरच सरकेल, खाली उतरणार नाही. मग बाकीच्या त्रिकोणांना हात. करडी गावाकडच्या धानाच्या बांदीत, बांध घातलेल्या वावरात वाढलेली बाई. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "धुरा बांधल्याबिगर कोणी चिखल सपाट करते का वं? आधी धुरा, मंग बांदी."

कंत्राटदार साहेबांना चोपडा नकाशा हवा होता. "ताई, तुमचा नकाशा फाटल्यावानी दिसून राहिला."

"पाळ तशीच असते, सायब. तुमच्या नकाशात पाणी टोलीत शिरते. खरं शिरत नाही."

चोपड्या नकाशावर त्यांनी सही केली नाही. त्यांना काढून साहेबांनी तोच सरकारकडे दाखल केला. पाळीखालची आमची टोली, म्हणजे आमची वस्ती, पूररेषेत गेली. तेव्हापासून तिथं एकाही घरकुलाला मंजुरी नाही.

माझी चूकही लिहिते. निषेधाच्या पहिल्या पत्रकावर मी तोच चोपडा नकाशा छापला, देखणा दिसत होता म्हणून. ताईंनी पत्रक डोळ्यांजवळ धरलं. "तुह्याही कागदात पाळ नाही वं, पोरी. भांडायले निघाली अन् चित्र त्यायचंच?" त्या हसल्या नाहीत. सगळी पत्रकं मी चुलीत घातली.

आता त्या नागपुरात संगणकावर दातांच्या टोप्या घडवतात. फोनवर म्हणाल्या, "इथं धार जपली तं शाबासकी देते."

जाताना त्यांनी लाल रेघांचा नकाशा माझ्या हाती दिला. तो या पत्रकामागे छापलाय. दाखल झालेला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. आधी तो बघा, मग हा घेऊन बोडीवर जा. पायाखाली पाळ लागली की परत येऊन हरकतीच्या अर्जावर सही करा. सोमवारी मुदत संपते.