सात नंबरच्या तळ्याचा टक्का

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही हो! रोज त्याच खुर्चीत बसा, रोज त्याच दोन माणसांबरोबर चहा प्या आणि मधात एक जुना कम्प्युटर ठेवून द्या. झालं! तीन वर्षांत माझ्याकडे एवढे जमलेत की कोणी "कशी चालली नोकरी?" विचारलं की मी आधी म्हणते, बसा निवांत.

पवनीजवळ आमचं मत्स्यबीज केंद्र आहे, गावोगावच्या मासेमार सोसायट्यांनी मिळून चालवलेलं. माशांची अगदी बारीक पिल्लं, म्हणजे जिरे, आम्ही तळ्यात सोडतो. ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं आणि सोसायट्यांना द्यायचं. मग ते लोक आपापल्या गावतलावात नेऊन सोडतात. मी तिथली ऑपरेटर. किती जिरे सोडले, किती बोटुकली निघाली, किती टक्के जगली, हे सगळं डेटाबेसमध्ये ठेवायचं काम माझं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

*

पहिलाच पावसाळा. मी रिपोर्टचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर चौकोन आला: 'ओव्हरफ्लो'. मी घाबरून ओरडले, "सर, ओव्हरफ्लो!"

मॅनेजर सर चहा तसाच टाकून पळाले. त्यांच्यामागे सुकराम काका. हे आमचे तळ्यांवरचे सगळ्यात जुने माणूस, साठीला आलेले, पण जाळं खांद्यावर टाकून असे धावले की सरच मागे पडले. तळं ओव्हरफ्लो झालं की पाण्याबरोबर मासे वाहून जातात, सगळा सीझन पाण्यात! दोघांनी धो-धो पावसात सांडव्यावर जाळं बांधलं.

दहा मिनिटांनी काका ठिबकत परत आले. "बाई, पानी तं हातभर खाली हाये. ओव्हरफ्लो कोठी झाला?"

"कम्प्युटरमध्ये, काका."

काकांनी कम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओलं जाळं माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"मंग इथं लाव!"

*

भानगड अशी होती की ज्यानं हा डेटाबेस बनवला, त्यानं आकड्यांचे रकाने 'इंटिजर' ठेवले होते. त्या रकान्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर एकही मासा मावत नाही. आणि आमच्याकडे एकेका तळ्यात लाखानं जिरे सुटतात!

मग माझ्या आधीच्या ऑपरेटरनं काय केलं असेल? मोठा आकडा कम्प्युटर घेत नाही म्हटल्यावर, जेवढा घेतो तेवढा टाकला. एक नंबर तळं, ३२,७६७. दोन नंबर तळं, ३२,७६७. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, सगळीकडे ३२,७६७!

मी डोक्याला हात लावला. त्याच फाइलमध्ये तपासणीला येऊन गेलेल्या कुण्या साहेबांचा शेरा होता: 'सर्व तळ्यांच्या उत्पादनात उल्लेखनीय सातत्य. अभिनंदन!'

मी रकाने 'लाँग' केले, म्हणजे त्यात अब्जापर्यंत मासे मावतात. मग हातानं लिहिलेली जुनी रजिस्टरं काढली आणि एकेक खरा आकडा भरायला घेतला. तीन महिने गेले. सर म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या ना, कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना, सर!"

*

एवढं करूनही एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला सांगितलेला हिशोब, 'ओव्हरफ्लो'च म्हणे. जिरे काही कोणी एकेक मोजत नाही. एक वाटी मोजायची आणि जितक्या वाट्या, तितक्यांनी गुणायचं. हे वाट्यांचे दोन रकाने माझ्या नजरेतून सुटले होते, ते अजून इंटिजरच. दोन लहान रकान्यांचा गुणाकार कम्प्युटर लहान रकान्यातच करायला जाई आणि फसे. मी गुणाकाराला बाहेरून कंस घातला, उत्तर मोठं कर म्हणून सांगितलं. तरी चौकोन!

बाहेर दिघोरीच्या सोसायटीचे अध्यक्ष ताटकळत उभे. त्यांच्या बोटुकल्या ऑक्सिजनच्या पिशव्यांत भरून तयार, पण चलान निघेना. "बाई, मासोळ्या कंटाळल्या हो!"

मी वैतागून खिडकीबाहेर पाहिलं. काका नव्या माणसाला ओरडत होते. त्यानं घमेलं न मांडताच वाटी ओतायला घेतली होती. "अरे, घमेलं आधी मांडा लागते! सांडल्यावर मांडून काय करतं?"

मी टुणकन उठले आणि परत बसले. गुणाकार झाल्यावर नाही, गुणाकाराच्या आधीच एक आकडा लाँग करायचा! केला. चलान सरसर निघालं. मी खिडकीतून ओरडले, "काका, तुम्ही सांगितलं आणि झालं!"

"म्या काय सांगतलं?" काका म्हणाले.

*

कम्प्युटरच्या हेल्पलाइनचं तर विचारूच नका. शहरातल्या त्या पोरानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, आकडे फार मोठे आहेत. डेटा कमी करा."

मी फोनवर हात ठेवून काकांना म्हटलं, "ते म्हणतात, कमी करा."

"मासोळीले सांग म्हनावं, अंडे कमी देजो!"

*

आणि मग भंडाऱ्याच्या मोठ्या ऑफिसातून ते पत्र आलं. ज्या केंद्राचा मागच्या पाच वर्षांचा, तळ्यागणिक जगण्याचा टक्का शुक्रवारपर्यंत मिळणार नाही, किंवा सरासरी कमी येईल, ते केंद्र बंद! बंद म्हणजे आमच्या नोकऱ्या गेल्या, हे तर झालंच. पण दिघोरीपासून सिहोऱ्यापर्यंतच्या सोसायट्यांनी बीज आणायचं कुठून? लांबून आणलं तर अर्धं रस्त्यातच मरतं.

मी बटण दाबलं. 'ओव्हरफ्लो'.

आता कसला? सगळे रकाने तर मोठे केले होते! पण मीही काही कमी नाही. वर्षं अर्धी केली, मग तळी अर्धी केली, ज्या अर्ध्यात चौकोन येईल त्याचे परत दोन भाग. करता करता एकच ओळ हातात राहिली. चार वर्षांपूर्वीचं सात नंबरचं तळं. सोडले शून्य, निघाले शून्य. शून्याला शून्यानं भागायला सांगितलं की हा डेटाबेस तोच चौकोन तोंडावर फेकतो!

सर म्हणाले, "शंभर टक्के टाका. एकही मेला नाही ना!"

हेल्पलाइन म्हणाली, "शून्य टाका. एकही जगला नाही ना!"

दोघंही बरोबर! शून्य टाकलं तर सरासरी पडते, शंभर टाकलं तर परत बत्तीस हजार सातशे सदुसष्टचा जमाना. मी म्हटलं, दोन्ही टाकणार नाही. आणि सरळ तळ्यावर गेले.

काका पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, जाळं विणत होते. मी विचारलं, "त्या साली सात नंबरात काहीच काहून नाही सोडलं?"

"टाकलंच नाही, तं जगलं किती अन् मेलं किती, कायले विचारतं बाई?"

"काहून नाही टाकलं, ते विचारून राहिली मी."

काकांचा हात थांबला. "पोरीचं लगन होतं. उन्हाळ्यात तळं सुकं, जागा सपाट. तिथंच मांडव टाकला. मेढी रोवल्या, त्यानं खालची चिकनमाती फुटली. पावसात पानी भरलं का झिरपून जाये. आधीच्या सरायले म्या खरं सांगतलंच नाही. नोकरी जाईन मनून भेव लागलं."

मला राग आला. तळ्यात मांडव! पण काकांचा चेहरा पाहून तो टिकला नाही. मी जाऊन क्वेरीत लिहिलं: सोडलेले शून्य असतील तर टक्का काढू नको, रकाना रिकामा ठेव. का रिकामा, तो शेरा नंतर पाहू.

"शेरा मी देतो," काका मागून म्हणाले. "मी येतो भंडाऱ्याले."

शुक्रवारी भंडाऱ्याला मोठ्या साहेबांनी रिपोर्ट चाळला. बोट बरोबर त्या रिकाम्या रकान्यावर येऊन थांबलं. "हे काय आहे?"

सरांनी रुमाल काढला. काका उभे राहिले आणि कम्प्युटरच्या 'ओव्हरफ्लो'पासून मेढी-चिकनमातीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "चूक माही हाये साहेब. मले काहाडा, पन केंद्र बंद नका करू."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे त्या वर्षी त्या तळ्यातून काहीच निघालं नाही?"

"असं कसं साहेब!" काका एकदम म्हणाले. "दोन सोडले होते ना, पोरगी अन् जवाई. आता घरी चार हायेत. तुमीच लावा टक्का!"

साहेब हसले की खोकले, ते कळलं नाही. त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं, सही केली आणि फाइल सरांकडे सरकवली. आम्ही नमस्कार करून निघालो. फाइल उघडायची हिंमत सरांना बसमध्ये बसल्यावरच झाली.

शेवटच्या पानावर होतं, 'केंद्र सुरू ठेवावे.' सरांनी ते दोनदा वाचलं. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवून गमछ्यानं डोळे पुसले.

मी मात्र आधी मागचं पान उलटलं. सात नंबरच्या रिकाम्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरात लिहिलं होतं:

'ओव्हरफ्लो!'