पुलांग, दाखाती आणि घराक

अंगणात बायकोने जवळा वाळत घातला आहे. आचऱ्याच्या खाडीवरून वारा आला की तो खारट, उग्र दर्प थेट ओटीवर येतो आणि मी पुन्हा त्या जहाजावर जाऊन पडतो. "अवो, नाक कित्याक धरलास? सगळो जल्म जवळो खाण्यात गेलो!" ती हसते. तिला काय सांगू? मलय लोक हाच जवळा कुटून, आंबवून त्याच्या वड्या करतात, आणि त्या वड्यांच्या वासात मी नऊ महिने कोंडून काढले आहेत.

मी जहाजावर खानसामा होतो. मालक परागंदा झाला आणि कोर्टाने जहाज मलय किनाऱ्यासमोर अडकवून ठेवलं. बाकीचे एकेक करून सुटले, उरलो तिघे. मी, एक म्हातारा मलय सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि बेलारूसचा इंजिनियर. समोर माड दिसायचे, हुबेहूब आमच्या आचऱ्याचे, पण उतरायची परवानगी नाही. त्या माडांचा असा काही राग यायचा म्हणून सांगू!

वेळ जाता जाईना, तेव्हा मी दोघांकडून शब्द गोळा करू लागलो. सारंगाच्या मलयमध्ये खिडकीला जंदेला म्हणतात, आमच्या जनेलाची सख्खी बहीण; मेजाला मेजा, साबणाला साबुन, भाषेला बहासा. सगळे शब्द गलबतांतून आलेले आणि तिथेच घर करून राहिलेले पाहुणे. बेलारूसची गोष्ट वेगळी. दोनला द्वा, तीनला त्री, मधाला म्योद. समुद्राचं तोंड न पाहिलेली ही भाषा, पण लग्नात अवचित भेटलेल्या दूरच्या चुलतबहिणीसारखी नाकाडोळ्यांनी आपली वाटायची. मलय कशी सुटसुटीत! काल जेवलो, आज जेवतो, उद्या जेवेन, सगळ्याला एकच 'माकान'. आमच्या त्या दिवसांना तीच शोभत होती, कारण काल, आज आणि उद्या यांत फरक तरी कुठे होता? उलट इंजिनियरच्या भाषेत प्रत्येक नामाला आपल्या विभक्तीसारखी शेपटं, आणि घराकडे परतण्याला तर खास एकच शब्द, 'दाखाती'. सारंग म्हणे 'पुलांग'. मी म्हणे 'घराक'. तिघे कठड्याला टेकून हेच तीन शब्द आळीपाळीने म्हणत बसायचो. वेड लागायचं बाकी होतं.

रोज सकाळी मी विचारायचो, सुटकेचा कागद आला? सारंगाचं उत्तर ठरलेलं, 'बलुम'. म्हणजे अजून नाही. त्याच्या माणसांना सरळ नाही म्हणणं जिवावर येतं. इंजिनियर मात्र खाडकन म्हणायचा, 'न्यामा'. नाही म्हणजे नाहीच. मग मी स्वयंपाकघरातल्या गावदेवाच्या तसबिरीपुढे गाऱ्हाणं घालायचो, "बा देवा महाराजा, ह्या तिघांका घराक पोचय रे महाराजा!" आणि हे दोघे परदेशी, शिकवल्याप्रमाणे, मागून ओरडायचे, "व्हय महाराजा!"

इंजिनियरची भाषा त्याच्या मुलखातही घरातच राहिलेली. शाळेत, कचेरीत रशियन. ही फक्त आईशी. आपण नाही का, मामलेदार कचेरीची पायरी चढलो की 'माका'चं 'मला' करतो, तसंच. आई अंथरुणाला खिळलेली होती. फोनवर ती विचारायची, दाखाती कधी? ती गेली की माझ्याशी ह्या भाषेत बोलायला जगात कोणी नाही, असं तो मला एकदा म्हणाला होता. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

पुढे सारंगाच्या छातीत कळ आली आणि त्याला किनाऱ्यावर नेलं. दोनच दिवसांनी कागद आला. जहाज विकेपर्यंत राखणीला एक माणूस हवाच, दुसऱ्याने जावं. आम्ही एकमेकांकडे बघेनासे झालो. शेवटी मीच म्हणालो, देवाला कौल लावू. आमच्याकडे घराघरांतल्या अडचणी अशाच सुटतात. तसबीर भिंतीला स्क्रूने पक्की बसवलेली. तिच्या माथ्यावर मधोमध एक ओला तांदूळ ठेवला. देवाच्या उजव्या अंगाला पडला तर मी जाणार, डाव्या अंगाला पडला तर तू.

तांदूळ देवाच्या उजव्या अंगाला घसरला. न घसरून जातो कुठे? दुर्लक्षामुळे जहाज कधीपासून त्या अंगाला कललं होतं. माझ्या कढईतलं तेल रोज त्याच बाजूला जमायचं. मी देवाच्या तोंडावर लबाडी केली होती. इंजिनियरने तांदळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "व्हय महाराजा."

तो आणखी दहा महिने तिथे राहिला. चौथ्या महिन्यात त्याची आई गेली.

तीन वर्षं मी गप्प बसलो. गेल्या गणपतीत धीर करून फोन लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "जहाज किती कललंय ते रोज सकाळी मीच मोजून लिहीत होतो रे." मग कबूल का झालास, मी विचारलं. तर म्हणे, तांदूळ ठेवताना तू 'घराक, घराक' असं पुटपुटत होतास, ते मला ऐकवेना. मी ओटीवर भोकाड पसरलं. बायको धावत आली. रडतरडतच विचारलं, मला माफ केलंस?

वाटलं, आता 'न्यामा' म्हणेल, आणि खरं सांगतो, मी मोकळा झालो असतो. पण त्याने सारंगाचा शब्द काढला.

"बलुम," तो म्हणाला.

तेव्हापासून दर महिन्याला फोन करतो. आधी त्याच्या आईच्या भाषेतले मला येतात तेवढे चाळीसेक शब्द बोलतो, तो माझे उच्चार सुधारतो, आणि मग मी तेच विचारतो.