गोदाबाईंनी जपलेला करारनामा

घर विकायला काढण्याआधी गोदाबाई धुमाळांनी जेवढी तयारी केली, तेवढी लोक मुलीच्या लग्नाचीही करत नाहीत. न्हाणीघराच्या भिंतीची ओल काढून घेतली, सोसायटीची बाकी नसल्याचा दाखला आणला, खिडक्यांच्या गंजलेल्या जाळ्या घासून रंगवल्या. टिटवाळ्याचं नवं घर पाहायला तर त्या तीनदा गेल्या. पहिल्यांदा नुसतं बघायला, दुसऱ्यांदा भर पावसात, दारापुढे पाणी तुंबतं का ते कळावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा शिवणकामाची टेप घेऊन, संडासाचं दार मोजायला. चाकाची खुर्ची त्यातून आत जायला हवी होती.

डोंबिवलीत मानपाड्याला त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. दीड वर्षापूर्वी त्यांच्या नवऱ्याची, प्रभाकररावांची, उजवी बाजू लकव्याने गेली. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस पलंगावर आला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "यांना रोज सपाट जमिनीवर चालवा. दोन वर्षं अशीच पलंगावर गेली, की पाय असाच राहील." सुरुवातीला चार शेजारी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेत. एकदा जिन्यात कुणाचा तरी हात सुटला आणि खुर्ची कलंडली. फार लागलं नाही, पण घरी आल्यावर ते जड जिभेने म्हणाले, "आता मला खाली न्याल, ते एकदाच." गोदाबाईंनी त्याचा अर्थ विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या तळमजल्याचं घर शोधू लागल्या.

ते मिळालं टिटवाळ्याच्या हौसाबाईंकडे. म्हातारी मूळची तिथलीच. शेतावर इमारत उठली, तेव्हा तिच्या वाट्याला दोन घरं आली होती, त्यातलं हे एक. "महिनाअखेरपर्यंत थांबते गो बाय," ती म्हणाली होती. "पुढं मात्र पोरगा माझं ऐकायचा नाय." इकडे मानपाड्याच्या घरालाही प्रीतम नावाचं गिऱ्हाईक लागलं. नुकतं लग्न झालेला, चार मजले चढून आला तरी दम न लागणारा. त्याचं कर्ज मंजूर झालं, की दोन्ही खरेदीखतं एका आठवड्यात उरकायची, असं ठरलं.

प्रीतमच्या बँकेच्या वकिलांनी मानपाड्याच्या घराचा मूळ करारनामा मागितला. गोदाबाईंनी कापडी पिशवीतून तो काढला आणि टेबलावर ठेवला. सोळा पानं, प्रत्येक पान वेगळं, चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद.

"हे काय?" वकिलांनी विचारलं.

"लॅमिनेशन. एका पावसाळ्यात कपाटात ओल आली, तेव्हा शिवण उसवून एकेक पान करून घेतलं. बघा, एक डाग नाही."

लॅमिनेशनवर गोदाबाईंचा फार विश्वास. घरातलं रेशनकार्ड, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला, कुलदैवताची आरती, एवढंच काय, गॅसच्या दुकानाचा फोन नंबरसुद्धा त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होता.

वकिलांनी एक पान उजेडात धरलं, नखाने खरवडलं, परत ठेवलं. "काकू, मुद्रांक खरा आहे की रंगीत झेरॉक्स, हे प्लास्टिकवरून मी कसं सांगू? यावर माझी सही होणार नाही."

"अहो, खरा आहे! अठ्ठावीस वर्षं राहतोय आम्ही तिथे."

"राहता हो. राहण्यावर बँक कर्ज देत नाही. नोंदणी कार्यालयातून सहीशिक्क्याची नक्कल काढा, पेपरात नोटीस द्या, मग वरिष्ठांना विचारून बघतो. दोन महिने धरा."

महिना संपायला नऊ दिवस होते.

घरी येताना जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी काळुराम भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, करारनाम्याचं कुणी लॅमिनेशन करतं का? उद्या मलाही प्लास्टिकमध्ये घालाल!"

"गप्प बसायचं कबूल करत असाल तर घालते," गोदाबाई म्हणाल्या आणि वर गेल्या. दार लावल्यावर मात्र त्यांनी आधी लेकीला फोन लावला.

लेक निशा कोलशेतला राहते. तिने फोनवर सांगितलं, "आई, हलकी इस्त्री फिरवली की प्लास्टिक सुटतं म्हणे. पण तू हात लावू नकोस हं. रविवारी मी येते, कुणा जाणकाराला दाखवू." गोदाबाईंनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

दुपारी त्यांनी ओट्यावर सुती पंचा अंथरला. पहिलं पान अलगद सुटलं. दुसरंही सुटलं. त्यांनी मोठ्याने "गजानना!" म्हटलं आणि तिसरं घेतलं. ते मुद्रांकाचं आणि सह्यांचं पान होतं. प्लास्टिक वर आलं, आणि त्याच्याबरोबर जांभळा शिक्का आला, प्रभाकररावांची सही आली, तारीख आली. खाली उरला पांढरा, कापसासारखा पिंजलेला कागद. गोदाबाईंनी प्लास्टिक पुन्हा त्यावर दाबून बसवलं, जणू सही परत चिकटेल. मग इस्त्रीचं बटण बंद केलं.

त्यांनी हौसाबाईंना फोन लावला आणि आणखी दोन महिने मागितले.

"मी थांबले असते गो," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "पण पोरानं, सर्वेशनं, दुसरं गिऱ्हाईक आणून बसवलंय. माझ्या हातात काय हाय?"

प्रभाकरराव पलंगावरून सगळं बघत होते. ते म्हणाले, "गोदा, दार उघड."

"कोण आलंय?"

"कोणी नाही. मी निघालोय."

त्या अडवत होत्या, पण ते भिंत धरून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि चक्क जमिनीवर बसले. डाव्या हाताने कठडा पकडला आणि बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकले, लहान मूल उतरतं तसे. उजवा पाय आडवा होऊन अडकला. गोदाबाईंनी तो उचलून खालच्या पायरीवर ठेवला.

"अहो, पण परत वर कसं यायचं?"

"ते मग."

एक पायरी, एक पाय. तिसऱ्या मजल्यावर काळुराम पिशवी घेऊन वर येत होते. "थांबा, पोरांना बोलावतो," ते म्हणाले. प्रभाकररावांनी मान हलवली. काळुराम पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभे राहिले.

खाली पोहोचायला पाऊण तास लागला. लेंगा मागून फाटला होता, तळहात सोलला होता. फाटकाच्या आत फरशी घातलेली एक सपाट पट्टी आहे. गोदाबाईंच्या खांद्यावर भार टाकून ते तिच्यावर उभे राहिले आणि चालले. सहा पावलं. मग पाय लटपटू लागला. गोदाबाईंनी वर, चौथ्या मजल्याकडे पाहिलं. आता न्यायला कुणाकुणाला हाक मारायची, याची नावं त्या मनात घेऊ लागल्या.

"थांब," प्रभाकरराव म्हणाले. "अजून दोन."