उचला, डॉक्टर

राजारामपुरीत माझा दातांचा दवाखाना होता आणि रविवारी सकाळी मी गोल्फ खेळायचो. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात हे सांगितलं की लोक आधी हसायचे, मग माझ्या पोटाकडे बघायचे. माझे खेळातले जोडीदार म्हणजे कागलचे एक ऊस बागायतदार, माझेच पेशंट. माझा चेंडू होलपासून वीतभरावर आला की ते मोठ्या मनानं ओरडायचे, "उचला डॉक्टर! ह्यो काय चुकतोय व्हय?" मग मीही त्यांना म्हणायचो, "तुम्हीपण उचला." चेंडू न मारताच गेला असं धरायचं, ही या खेळातली सवलत. आम्ही तिचा पाहुणचार करून टाकला होता. वीतभराचे दोन हात झाले तरी सगळं माफ.

सात वर्षं असं खेळून मी स्वतःला पटिंगचा, म्हणजे जवळून चेंडू हलकेच होलमध्ये घालण्याचा, उस्ताद समजत होतो. मग एक स्पर्धा झाली. तिथे प्रत्येक चेंडू होलमध्ये घालावाच लागायचा. दोन हातांवरून मी तीनदा चुकलो. हात थरथरत होता. स्कूटरवरून घरी येताना डोक्यात एकच विचार: ज्या हातानं लोकांचे दात काढतो, तोच गेला तर? खरंच घाबरलो.

हे मी फक्त बायकोला सांगितलं. तिनं हॉलमध्ये सतरंजी ताणून घातली, टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि लसूण सोलत समोर बसली. मी मारायचो, ती म्हणायची, "गेला नाही. परत." दयामाया नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही चेंडूकडं बघतच नाही. माझ्या तोंडाकडं बघता. मी उचला म्हणेन म्हणून."

मी फणकारलो.

"आणि दाढ काढताना थरथरतो का हात?" तिनं विचारलं.

थरथरत नव्हता. तिथे कोण उचला म्हणणार? त्या दिवसापासून ठरवलं, पेल्याचा आवाज कानावर पडेपर्यंत मान वर करायची नाही. आठवडाभरात दहातले आठ चेंडू जायला लागले. जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी "उचला डॉक्टर" ऐकू आलं तसा मी ऐटीत म्हणालो, "नको. आजपासून दोघांनीही मारायचं." मान खाली, कान होलकडे. गेला!

जोडीदार हसले नाहीत. त्यांचा चेंडू वीतभरावरच होता. ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मान खाली ठेवायची सवय मला नुकतीच लागली होती, म्हणून माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. उजवा अंगठा शेजारच्या बोटावर सारखा घासत होता, थांबवून थांबत नव्हता. कंपवाताची ही खूण मी कॉलेजात शिकलो होतो. त्यांनी मारला. चेंडू होलच्या बाजूनं निघून गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली असतील की. घरात कुणाला म्हाईत न्हाय." त्यांनी हात खिशात घातला. "तुम्ही उचला म्हणायचा, म्हणून निभावलं बघा."

मला त्यांचं वाईट वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं दर रविवारी मी, डॉक्टर म्हणवणारा माणूस, त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो आणि उचला म्हणून मोकळा होत होतो.