रव्यातली अक्षरं

भावनाताई मूळच्या पारशिवनीच्या. मनीषनगरात आमच्या खालच्या खोलीत त्या शिकवणी घ्यायच्या. मेघाला एका जागी बसून काही कळत नसे, म्हणून ती अंगणात फेऱ्या मारत पाढे म्हणायची. धम्मदीप बुजरा, त्याला उत्तर कानात सांगायची मुभा होती. मी घरमालकीण, हा तमाशा पाहून वैतागायचे. "सगळ्या दुखण्यांले एकच गोळी चालते का जी?" ताई मलाच विचारायच्या.

पियूष चौथीत होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळायची. ताईंनी परातीत रवा पसरला आणि एकेक अक्षर बोटानं गिरवून घेतलं. पुस्तकातली एकच ओळ उघडी ठेवून बाकीचं पान पुठ्ठ्यानं झाकायच्या. संक्रांतीपर्यंत पोरगं लहान लहान वाक्यं लावायला लागलं. एक वाक्य वाचून झालं की घाम पुसायचं आणि हसायचं.

मग आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू झालं. कुणीतरी पियूषच्या आईला, देवकीला, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा पियूष अजून रव्यातच खेळून राहिला म्हणे?" बायका हसल्या. देवकीच्या ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी ती खाली येऊन उभी राहिली. "बाकीच्यांले वह्या अन् माझ्याच पोराले रवा काहून? येडा आहे का तो?"

"येडा नाही जी. त्याची रीत वेगळी आहे. आता कुठे वाचून राहिला तो, थोडे दिवस थांबा."

"वेगळी आहे म्हणूनच लोक हसून राहिले ना."

लोकांची तोंडं बंद करायला स्वतःच्या लेकराचं शिकणं बंद करायचं. मला त्या बाईचा मनापासून राग आला, अजूनही आहे. तिनं पियूषला मोठ्या क्लासमध्ये टाकलं. तिथे सगळी पोरं एका सुरात धडे घोकायची.

निकाल लागल्यावर देवकी पेढे घेऊन आली, सोबत पियूष. "पाहा मॅडम, आता कसा घडाघडा वाचते. वाच रे."

त्यानं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाला. कुठे अडखळला नाही. धडा विहिरीचा म्हणत होता आणि उघड्या पानावर मोराचं चित्र होतं. मजकूर संपून बोट कोऱ्या जागेवर आलं, तरी तोंड चालूच होतं. देवकी त्याच्या तोंडाकडे कौतुकानं बघत होती, पुस्तकाकडे नाही.

त्यानं मान वर केली. ताईंनी पान पाहिलंय हे त्याला कळलं. दहा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती.

"छान," ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी ताईंवरच चिडले. तोंडावर खरं का नाही सांगितलं?

ताईंनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "वाचणं तर गेलंच त्याचं. लपवणं जमून राहिलं, तेवढं तरी राहू द्या त्याच्यापाशी."