निरोगी गटातले राव मामा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. एकदा गावच्या देवळात हात जोडून मनातल्या मनात सांगायला गेले, तर तिथेही धीर झाला नाही — देवाला ठाऊकच असणार, असं स्वतःला सांगून प्रदक्षिणा घातली आणि बाहेर आले. आता तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. चेन्नईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंत्राटी लेक्चरर होते. शिक्षण मेकॅनिकलचं — पंप, झडपा, नळ्यांमधून वाहणारं पाणी. तिथून मेंदूत कशी शिरले? गणित तेच लागतं हो. मेंदूचे भाग एकमेकांशी कसे बोलतात त्याची समीकरणं मांडायची, संगणकावर चालवायची, आणि खऱ्या माणसाच्या डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखाशी ती जुळवून पाहायची. विस्मरणाचा आजार घरच्यांना दिसायच्या आधी आलेखात दिसावा, हा माझा दावा. मेकॅनिकलवाले म्हणायचे, ही डॉक्टरांकडे गेली. इस्पितळात म्हणायचे, इंजिनिअर बाई आल्या. दोन्हीकडे कॉफी मिळायची, बसायला खुर्ची कुठेच नाही.

आणि त्या वर्षी कॉलेजात नेमकी तशी जागा निघाली. कायमची. इंजिनिअरिंग, संगणकावरची मॉडेलं आणि मेंदूचं आरोग्य — तिन्ही एकत्र करणारा माणूस हवा होता. असा माणूस मीच, असं मी सगळीकडे सांगत होते आणि आतून माझी पाचावर धारण बसली होती. ती जागा गेली असती तर करार संपल्यावर सरळ सांगलीची गाडी. बाबा फोनवर म्हणायचेच, 'पुरे झालं आता, ये परत, इथं पॉलिटेक्निकात बघू.' भीती काय असते, हे मला त्या दिवसांत कळलं. जेवताना घास फिरायचा तोंडात.

मी मैलापूरला राहायचे, राव मामांच्या घरात वरच्या खोलीत. मामा मूळचे तंजावरकडचे, तिथल्या जुन्या मराठी घराण्यातले, बंदरातल्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात ते नि मामी दोघंच. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं आणि चाल तमिळ, त्यामुळे पहिले काही दिवस मी नुसती मान हलवायचे. मला ते 'मा' म्हणायचे, तिकडे लेकीला म्हणतात तसं. त्यांची खरी लेक विजया लांब, शहराबाहेरच्या अंबत्तूरला राहायची, रविवारी यायची. मामींची नजर साखरेच्या आजारानं पार गेलेली. रोज सकाळी मामा त्यांना इन्सुलिन टोचायचे. 'ऊसि!' अशी मामींची हाक वर ऐकू यायची — ऊसि म्हणजे सुई — की मी समजायचे, आता खाली इडल्या वाफवणार. हे मला माहीत होतं. सुई मामांच्या हातात असते, हे मला रोज ऐकू येत होतं. लक्षात ठेवा हे, कारण मी ते विसरल्याचं सोंग केलं.

माझ्या अभ्यासाला दोन गट लागायचे. आजारी माणसं इस्पितळातून मिळत. निरोगी म्हातारी माणसं मिळता मिळत नसत — तारा बघूनच पळायची, शॉक बसेल म्हणून. मामा आपणहून आले. केसांना तेल चालत नाही म्हटल्यावर शिकेकाईनं न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांच्या डोक्यावर ती तारांची टोपी चढवली, केसांत पांढरी पेस्ट भरली, आणि ते लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ बसून राहिले. हलले म्हणून नाहीत. एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग मला अख्ख्या अभ्यासात दुसरं मिळालं नाही.

मॉडेलनं मामांना आजारी माणसांत टाकलं.

मी पुन्हा चालवलं. समीकरणं तपासली, पुन्हा चालवलं. तेच. मेंदूची लय मंदावलेली, मागचे भाग पुढच्यांशी धड बोलत नाहीत — अगदी पुस्तकातल्यासारखं. घाबरले मी. मामांच्या काळजीनं, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगू? त्या जागेच्या मुलाखतीपायी. मुलाखतीत मांडायच्या माझ्या शोधनिबंधात एकच चमकदार वाक्य होतं — निरोगी माणसाला हे मॉडेल कधीच आजारी ठरवत नाही. आणि समोर मामा.

करायचं काय होतं? आमच्या अभ्यासात इस्पितळाचे एक डॉक्टर होते, त्यांना एक फोन. त्यांनी मामांना बोलावलं असतं, चार प्रश्न विचारले असते. मामा आजारी निघाले असते तर माझं मॉडेल खरं ठरलं असतं, डोक्यावर घेतलं असतं मला. ठणठणीत निघाले असते तर मॉडेल चुकलं. म्हणजे, बघा ना — माझा माझ्या कामावर विश्वास असता तर मी फोन केलाच असता. मग नव्हता का विश्वास? रात्रंदिवस जे लोकांच्या गळी उतरवत होते, त्यावर? की होता, आणि मामा खरंच आजारी आहेत हे कळलं असतं म्हणून हात फोनकडे जाईना? आजही मला सांगता येत नाही. एवढं कळतं की मी घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला जे सगळ्यात सोपं असतं ते मी केलं. मामांना गटातून काढलं. कारण विचारलं तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, 'फार हलत होते हो, रेकॉर्डिंग वाया गेलं.' त्यांनी मान डोलावली. असं होतंच.

इथवर कदाचित माफ करता आलं असतं. पण मामांनी विचारलं.

जिन्याखाली थांबले होते, हातात भाजीची पिशवी. 'माझं डोस्कं बरं अहे की, मा?' चेहरा हसरा, पण डोळे हसत नव्हते. त्यांना काहीतरी जाणवत होतं, याबद्दल मला आज शंका नाही. मी म्हणू शकले असते, 'मामा, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ.' एवढंच. मी म्हटलं, 'मामा, तुमचा मेंदू चाळिशीतल्या माणसाचा आहे!' वर हसले. कुणी मागितलं होतं एवढं? नुसतं 'बरं आहे' म्हणून भागलं नसतं? पण खोटं बोलताना माझ्या जिभेला हाड राहत नाही.

मामांनी ते गल्लीभर केलं. दूधवाल्याला सांगितलं, देवळाच्या पायरीवरच्या फुलवालीला सांगितलं. पुढे विजयाला काहीबाही खटकू लागलं — एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, रविवारी तिला विचारतात की आज कशी आलीस — तेव्हा ती डॉक्टरांकडे न्यायचं म्हणाली. मामा चिडले, माझ्याकडे बोट दाखवलं. 'हिनं आत बघितलंय माझ्या. तू काय बघणार?' विजयानं माझ्याकडे पाहिलं. 'खरं का, अक्का?' मी हो म्हटलं. ती बिचारी हसली, 'मग मीच उगाच घाबरते.'

त्यानंतरच्या सकाळी कशा गेल्या, काय सांगू? 'ऊसि!' ऐकू आलं की मी वर श्वास धरून बसायचे. भांड्यांचा आवाज, मामींचं बोलणं, मग इडलीचा वास — की सुटले. आंघोळीला पळायचे. खाली जाऊन एकदा बघावं, हे रोज मनात यायचं आणि रोज मी उशीर होतोय म्हणून चपला चढवायचे. एकदा मामी स्वतःच म्हणाल्या, 'आज मामा दोन वेळा ऊसि घेऊन आले गं, मीच हाकलले त्यांना.' आणि हसल्या. मीसुद्धा हसले. आणि कॉलेजला गेले.

मुलाखत झाली. जागा मिळाली. मामांनी गल्लीत पेढे वाटले, तेही मामींच्या नकळत स्वतः एक खाऊन.

रुजू होऊन थोडेच दिवस झाले असतील. वर्गात होते. विजयाचा फोन आला, मामी उठत नाहीत. मी पोचले तोवर त्यांना इस्पितळात नेलं होतं. साखर पार तळाला गेलेली. आदल्या दिवशी आणलेली इन्सुलिनची बाटली अर्ध्याच्या खाली आली होती, ते विजयानंच पाहिलं; गुंगी आल्यावर मामांना हाकलायचं भान मामींना राहिलं नसणार. डॉक्टरांनी मामांना विचारलं, रोज किती देता? मामांनी आकडा अचूक सांगितला. आज किती दिलंत? तोच आकडा, तितक्याच ठामपणे. डॉक्टर विजयाकडे वळले, 'यांची स्मरणशक्ती कधी तपासली आहे?' ती म्हणाली, 'हो, या आमच्या अक्का प्रोफेसर आहेत, मेंदूवरच काम करतात. त्यांनी तपासलंय, काही नाही.'

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

तिथे बोलायचं होतं मला. मी मान हलवली — होकारार्थी. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. मामी शुद्धीवर आल्याच नाहीत.

पण एवढ्यावर संपलं नाही. डोकं ठिकाणावर असलेला माणूस, आकडा तोंडपाठ असलेला माणूस — बायकोला इतकं इन्सुलिन कसं देतो? चुकून देतो? विजयाच्या मनात काय आलं ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, पोलिसांकडे तर गेली नाहीच. तिनं वडिलांशी बोलणं टाकलं. रविवारी यायची थांबली. मामा दारात उभे राहून वाट बघायचे आणि मला विचारायचे, 'विजया कां येत नाही? मामी कुठे गेली?' मला ते घर सहन होईना. मी कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेले. पळाले म्हणा, तोच शब्द बरोबर आहे.

आजारावर औषध नव्हतं. तेव्हा नव्हतं, आजही म्हणावं तसं नाही. मी फोन केला असता तरी मामा बरे झाले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्यांच्या हातातून सुई काढून घेतली असती. तेवढंच हवं होतं.

शेजाऱ्यांच्या डब्यावर दोनेक वर्षं काढून मामा एक दिवस रस्ता चुकले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिरुवोट्टियूरच्या बाजूला कुणाला तरी सापडले. तेव्हा कुठे विजयानं त्यांना दाखवलं. विस्मरणाचा आजार, बराच पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, सुरुवात पुष्कळ आधी झाली असणार. ती तशीच माझ्या केबिनमध्ये आली. दारावर माझ्या नावाची पाटी होती, टेबलावर तो निबंध होता. ती रडत म्हणाली, 'अप्पांनी अम्माला मारलं असं समजत होते मी. दोन वर्षं, अक्का. बापाला खुनी समजत होते. कुणाला आधीच कळलं असतं तर?'

मी तिचा हात धरला. म्हटलं, 'हा आजार असाच असतो गं. आधी कुणालाच कळत नाही.'

तिनं ते मानलं. मामांना ती स्वतःच्या घरी घेऊन गेली, शेवटपर्यंत तिनंच केलं त्यांचं. ते तिला ओळखत नव्हते, त्यामुळे माफी मागायची राहून गेली, असं ती अजून म्हणते. मी आता त्या विभागाची प्रमुख आहे. घराघरांतून आजार लवकर ओळखा, यावर भाषणं देते. फोनवर विजयाचं नाव दिसलं की मी आधी तो पालथा ठेवते, आजही.

दर वर्षी मामींच्या श्राद्धाला ती मला बोलावते. पंगतीत आपल्या शेजारी बसवते, आणि आलेल्यांना सांगते, आमच्या वाईट दिवसांत या एकट्या आमच्या बाजूनं उभ्या होत्या. मी जाते, आणि जेवून येते.