उतारमिस्त्रींची गाडी

कुठल्याही नव्या जागी गेले की उतारमिस्त्री आधी तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि ते कुठे जातं हे उकिडवे बसून पाहत राहायचे. एकदा लग्नाच्या मांडवात त्यांनी असंच पाणी ओतलं आणि पंगत दुसऱ्या अंगाला बसवायला लावली. वरण ज्याच्या त्याच्या पत्रावळीत राहिलं, म्हणून वऱ्हाडी खूश. "पाणी खोटं नाई बोलत," ते म्हणायचे.

खरं तर ते मिस्त्री नव्हतेच. एकोणीसशे पन्नासनंतर सिंदी रेल्वे या गावच्या ज्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी हजेरीबाबू होतो, तिथे ते गाडे ढकलायचे. प्रेसमधून निघालेल्या रुईच्या गाठी हातगाड्यावर चढवून रेल्वेच्या मालधक्क्यावर न्यायच्या, हे आठ जणांचं काम. वाट उताराची. भरला गाडा ढकलण्यापेक्षा मागे ओढून धरण्यातच जीव जायचा.

एका सकाळी गाडा सुटला आणि आठांतल्या चिंधूजींच्या पायावरून गेला. पाय वाचला, पण पुढे काठी आली. मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन सगळी वाट पाणी ओतत फिरले आणि मला म्हणाले, "बाबू, हा उतार आपल्याले मारून राह्यला. त्याले कामाले काऊन लावू नये?"

मॅनेजरसाहेबांनी भंगारातले रूळ दिले. मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी खपून शेजारी शेजारी दोन रस्ते टाकले. उताराच्या वरच्या टोकाला मोठी चाकी, चाकीवरून दोर, दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या. भरली गाडी स्वतःच्या वजनाने खाली जाणार आणि रिकामीला वर ओढणार. चाकीला लाकडी ब्रेक. शेवटच्या काही हातांच्या अंतरात रूळ किंचित चढते ठेवले, म्हणजे गाडी मंदावून आपोआप थांबावी.

चाचणीला सगळा कारखाना गोळा झाला. मिस्त्रींनी ब्रेक उचलला. गोठ्याची वाट ठाऊक असलेल्या बैलासारखी गाडी खाली गेली आणि धक्क्याशी उभी राहिली. कोणी हात लावला नव्हता. साहेब खूश होऊन म्हणाले, "वा. म्हणजे आता इथे दोनच माणसं पुरे."

मिस्त्रींनी ब्रेक लावला, दोर अडकवायची लोखंडी खीळ काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. "आधी माणसायचं बोला साहेब. मंग गाडी सोडतो."

गाडी बांधायला घेतल्यापासून सोबतीचे लोक त्यांच्याशी बोलत नव्हते. "तुह्या गाडीनं आमची भाकर नेली," असं चिंधूजी तोंडावर म्हणाले होते. खीळ खिशात गेल्यावर मात्र चिंधूजी मिस्त्रींशेजारी येऊन बसले, मागोमाग बाकीचेही; जुन्या हातगाड्याला कोणी हात लावेना. साहेबांनी लोहाराला दुसरी खीळ घडवायला सांगितली, पण त्याची भट्टी त्या आठवड्यात काही केल्या पेटेना. गाठी प्रेसच्या दारापर्यंत साचल्या आणि मालधक्क्यावर वॅगन रिकाम्या उभ्या. शेवटी सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, "कोणालाही काढणार नाही." मिस्त्रींनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, साहेबांची सही घेतली, मग खीळ दिली. चिंधूजींना बसून करायचं काम मिळालं, ब्रेकवरचं.

पुढच्या हंगामासाठी गाडीवरच्या माणसांची यादी साहेबांनी माझ्या हाती दिली, तेव्हा तिच्यात सात नावं होती. मी वर पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. मी यादी उतरवून घेतली.

पहिल्या दिवशी फाटकाशी मी नावं वाचली. मिस्त्रींचं आलं नाही. सातही जण आत जाईनात. "मीबी घरी जातो," चिंधूजी म्हणाले.

"ब्रेकवर बसा, चिंधूजी," मिस्त्री म्हणाले. "तुमी नसान तं खाली कोनाचा तरी पाय जाईन." एकेकाला त्यांनीच आत पाठवलं. मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता.

"बाबू, यादी तुमची नाई, मले मालूम हाय. पण वाचताना जरासे अडखळले असते, तं बरं वाटलं असतं."

दुपारच्या पॅसेंजरने ते पुलगावकडे गेले. तिकडे कुठे काम लागल्याचं ऐकलं. भेट पुन्हा झाली नाही.

त्यानंतर तीस वर्षं मी हजेरी वाचली. एखादं नाव गाळलेलं दिसलं की यादी घेऊन आधी साहेबांच्या खोलीत जायचो. साहेब बदलत गेले. दोन-तीनदा नाव परत आलं. एकदा माझंच जाता जाता राहिलं.